खाडी धरून सायकल चालवा

कोकण किनाऱ्याने सायकल चालवायची आणि मागचे हॉर्न ऐकायचे नाहीत, तर नकाशात आधी रस्ते नाही, खाड्या बघा. मुंबई–गोवा महामार्ग बराच आतून जातो, ट्रक-ट्रेलर सगळे तिकडे. किनाऱ्याचा सागरी मार्ग मात्र खाडी आली की तुटतो. पूल झाला तिथे गाड्या वाढल्या. जिथे अजून फेरीबोटीवर भिस्त आहे, तिथे घाईचा माणूस फिरकतच नाही. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड: या जेट्ट्यांच्या मधले तुकडे आपले. पुलांच्या योजना या खाड्यांवरही आहेत, तेव्हा जायचं तर लवकर जा.

मी चिपळूणची. औषधाचं दुकान चालवते, ते सोमवारी बंद. माझी सायकल म्हणून सोमवारी निघते आणि शांतता निम्मी तिथेच मिळते. शनिवार-रविवारी याच रस्त्यांवर पुण्या-मुंबईच्या गाड्या असतात. नाताळ ते एक जानेवारी तर घरीच बसा. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हाही तेच. शिमग्यात गाड्या फार नसल्या तरी पोरं रस्त्यात दोरी आडवी धरून पोस्त, म्हणजे सणाचे पैसे, मागतात. सुटे पैसे खिशात ठेवा, हुज्जत घालू नका, मजा येते.

फेरीबोटीचं एक गणित मात्र नीट समजून घ्या. बोट लागली की गाड्या, दुचाकी, टेम्पो सगळे एकदम बाहेर पडतात आणि जेट्टीवरून वर जाणाऱ्या अरुंद चढावर एकामागे एक रेटत सुटतात. सायकलवाला बोटीत पुढे उभा असतो, म्हणून तो पहिला उतरतो आणि सगळी रांग पाठीवर घेऊन चढ चढतो. तसं करू नका. उतरा, बाजूला व्हा, चहा घ्या. दहा मिनिटांत शेवटची गाडी दिसेनाशी होते आणि पुढची बोट येईपर्यंत रस्ता तुमचा. शिवाय जेट्टीचा उतार शेवाळलेला असतो. क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट घालून त्यावर चालणं म्हणजे पाय मोडायला आमंत्रण. साधे रबरी तळाचे बूट बरे.

सुरुवात करणाऱ्यांना मी धोपावे ते तवसाळ हा तुकडा सांगते. धोपाव्याहून गुहागर, मग असगोली, पालशेत, अडूर, वेळणेश्वर, हेदवी, नरवण, रोहिले आणि शेवटी तवसाळची जेट्टी. अंतर फार नाही, पण अंतरावर जाऊ नका. इथला रस्ता एका वाडीत समुद्राच्या पातळीला असतो, पुढच्या वळणावर घाटी लागते ती शे-दीडशे मीटर वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, नेते, आणि सडा संपला की परत पुढच्या गावात पाण्यापर्यंत. दिवसभर हेच. घाट एकदा चढला की संपतो. हे चढ छोटे आणि खडे, काही १० टक्क्यांच्या आसपासचे, आणि ते संपत नाहीत. पुढे ३४ दात्यांची लहान चकती आणि मागे ३२ किंवा ३४ दात्यांची मोठी चकती असेल तर गुडघे शाबूत राहतील. उताराला जास्त जपा. वळणावर जांभ्याची लाल बारीक खडी पसरलेली असते आणि ब्रेक दाबायचा तो वळणाच्या आधी, वळणात नाही. हेदवीला दशभुज गणपतीपाशी थांबा. भरती असेल तर बामणघळीत पाणी उसळताना बघून मगच पुढे जा. बोट काय, पुढची मिळेल.

आता आतले रस्ते. मोबाईलवरचा नकाशा इथे बिनदिक्कत फसवतो. त्यात रस्ता म्हणून दिसणारी रेघ प्रत्यक्षात पाखाडी निघते, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दगडी गडगे आणि सायकल खांद्यावर. उलट जिथे रेघ संपलेली दिसते तिथे पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, साकव (छोटा अरुंद पूल) असतो आणि सायकल आरामात पलीकडे जाते, चारचाकी नाही. म्हणून माणसांना विचारा. पण “रस्ता चांगला आहे का?” असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. “एसटी जाते का?” असं विचारा. “सकाळ-संध्याकाळ एकेक” हे उत्तर मिळालं तर डोळे मिटून घुसा: डांबर आहे आणि वर्दळ नाही. “दिवसभर असतात” म्हणजे दुसरा रस्ता शोधा. “टू-व्हीलर जाते” म्हणजे थोडं चालायची तयारी ठेवा. एसटीच्या वेळाही विचारून ठेवा, कारण एकेरी रस्त्यावर मोठी गाडी ती एकच. चालक वळणाआधी हॉर्न देतात. ऐकला की बाजूपट्टीवर उतरून उभं राहायचं; बहुतेक वेळा कंडक्टर हात करतो.

शांत रस्त्यावर धोका असतो तो नेमका दोन गाड्यांचा. एक, चिरेखाणीचे ट्रक. सड्यावर रस्ता एकाएकी लाल धुळीने माखलेला दिसला की जवळ खाण आहे असं समजा आणि पुढचे काही किलोमीटर आरसा बघत चालवा. दुसरी, एप्रिल-मेमधली आंब्याची पिकअप. पेट्या वेळेत पोचवायच्या असतात, वळण त्यांना पाठ असतं, तुम्ही तिथे असाल हे पाठ नसतं. झाडीखाली भर दिवसाही अंधार असतो, म्हणून मागचा लाल दिवा सतत चालू हवा.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात कोकण सुंदर दिसतं हे खरं, पण डांबरावर शेवाळ धरतं आणि मी तरी जात नाही. पहाटे फटफटायच्या आत निघा, अकराला सावलीत असा. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, दुपारनंतर समुद्राचा खारा वारा सुटतो आणि तो बहुधा वायव्येकडून येतो. म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलात तर थकलेल्या वेळी वारा पाठीला मिळतो.

सामान थोडकं घ्या, पण दोन ट्यूब घ्याच. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप प्रेस्टा वॉल्वला (काही सायकलींच्या ट्यूबचा बारीक वॉल्व) बसत नाही, छोटा पितळी अडॅप्टर जवळ हवा. टायर ३२ मिलिमीटर किंवा जाड. पाण्याच्या दोन बाटल्या, कारण सड्यावर दुकान नाही. खालच्या वाडीत मात्र कोणत्याही अंगणात उभं राहून “काकू, जरा पाणी देता?” म्हटलं की पुरे, बहुतेकदा पाण्याआधी चौकशी येते: एकटीच? घरचे काय म्हणतात? उत्तर तयार ठेवा. घरी आल्यावर साखळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेल द्या, खारी हवा तिला फार दिवस सोडत नाही.

तवसाळहून बोटीने जयगडला उतरल्यावर हवा बदलते. तिथे बंदर आहे, वीज प्रकल्प आहे, मोठे ट्रक आहेत. ते चाफे तिठ्यावरून निवळीला महामार्गाकडे जातात. तुम्ही त्या वाटेला न लागता रीळ-उंडीच्या बाजूने वरवड्याला उतरा, पुढे मालगुंड. गणपतीपुळ्यात गर्दी असणारच, न रेंगाळता पार करा. आरे-वारेची चढण सकाळी आठच्या आत गाठायची, नंतर तिथे फोटोवाल्यांच्या गाड्या आडव्या-तिडव्या लागतात. त्यासाठी रात्री मालगुंडला मुक्काम करा. घरगुती राहण्याची सोय मिळते, आदल्या दिवशी फोन करून जेवणाचं सांगितलं तर ताजं मिळेल. रत्नागिरीहून परतायचं असेल तर रेल्वे स्टेशन गावाबाहेर, चढावर आहे, आणि सायकल पार्सल कार्यालयात आधी नोंदवावी लागते. गाडीच्या वेळेवर जाऊन भागत नाही.