अनामत रक्कम पाठवण्याआधी मर्यादा पाहून घ्या
दादरला भाड्याचे घर ठरले आणि अनामतीचे ३ लाख रुपये त्याच दिवशी द्यायचे असतील, तर यूपीआयवर विसंबू नका, कारण एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैसे पाठवण्याची त्यावरील सर्वसाधारण मर्यादा दिवसाला १ लाख रुपयांचीच आहे. आयएमपीएसने (बँकेच्या अॅप किंवा नेट बँकिंगमधून लगेच पैसे पाठवण्याची सेवा) ५ लाखांपर्यंत रक्कम तत्काळ जाते. मात्र आपल्या बँकेची मर्यादा याहून कमी असू शकते, नव्याने जोडलेल्या खात्यावर बहुधा सुरुवातीचा काही काळ आणखी बंधन असते, आणि बँक शुल्क आकारत असेल तर त्यावर जीएसटीही लागतो. म्हणून घरमालकाचे खाते दोन दिवस आधीच जोडून ठेवावे. तासाभराने चालणार असेल तर एनईएफटी (बँकेची खात्यातून खात्यात पैसे पाठवण्याची दुसरी, थोडी सावकाश सेवा) मला अधिक बरे वाटते: बचत खात्यातून ऑनलाइन पाठवल्यास त्याला शुल्क नाही, आणि डिसेंबर २०१९ पासून ती सेवा रविवारीही चोवीस तास चालू असते.