ब्लूटूथ रक्तदाब यंत्र घेण्याआधी त्याचे कोड कसे वाचावेत

आई-वडील खानापूर किंवा निपाणीकडच्या गावात, मुलं बेळगाव-पुण्याला नोकरीला. अशा घरासाठी ब्लूटूथचं रक्तदाब यंत्र घेताना खोक्यावरचं ‘अ‍ॅपला जोडता येतं’ एवढं वाचून पैसे देऊ नका. कुठल्या अ‍ॅपला? त्याचं उत्तर यंत्र स्वतःच कोडमधून देतं.

आधी फोनवर ‘एनआरएफ कनेक्ट’ हे जवळच्या ब्लूटूथ यंत्रांचे कोड दाखवणारं मोफत अ‍ॅप घ्या, ब्लूटूथ चालू करा आणि मागितलेल्या परवानग्या द्या. जुन्या अँड्रॉइडवर लोकेशनही चालू लागतं. मग बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानातच एकदा रक्तदाब मोजून घ्या आणि लगेच ‘स्कॅन’ दाबा. अशी यंत्रं बऱ्याचदा मोजणीनंतर थोडाच वेळ दिसतात. नाव दिसेना, तर ते दुसऱ्या फोनला जोडलेलं नाही ना, हे बघा.

‘कनेक्ट’ केल्यावर सेवांची, म्हणजे यंत्र काय काय पाठवू शकतं त्याची, यादी कोडसह उघडते. लक्ष इथं द्यायचं. १८१० म्हणजे रक्तदाब, १८०८ म्हणजे रक्तातली साखर, १८०डी म्हणजे हृदयाचे ठोके, १८०एफ म्हणजे बॅटरी. हे आकडे ब्लूटूथ एसआयजी ही संस्था ठरवते, त्यामुळे खोकं कन्नडमध्ये छापलेलं असो की मराठीत, १८१०चा अर्थ तोच. पूर्ण रूपात हा कोड ००००१८१०-००००-१०००-८०००- असा सुरू होतो.

१८१० दिसला, तर ती सेवा ओळखणारं कुठलंही अ‍ॅप नोंदी घेऊ शकतं. त्याऐवजी नुसता लांबलचक, अनोळखी कोड दिसला, तर मोजमाप बहुधा कंपनीच्याच पद्धतीनं पाठवलं जातं. उद्या कंपनीनं अ‍ॅप बंद केलं की यंत्र चालेल, पण आकडे मुलापर्यंत पोचणार नाहीत. दोन्ही यंत्रं सारख्या किमतीची असतील तर मी डोळे झाकून १८१०वालं घेईन. एफई किंवा एफडीनं सुरू होणारे चार अक्षरी कोड मात्र फसवतात: दिसायला आखूड, पण ते बहुतेक एकेका कंपनीला दिलेले असतात.

कोडवरून यंत्र काय पाठवू शकतं ते कळतं, रक्तदाब अचूक मोजतं की नाही ते नाही. ती खात्री डॉक्टरांकडच्या यंत्राशी ताडूनच करा.

बॅटरीचा आकडा काही अ‍ॅप कच्चा दाखवतात. तिथं ६४ म्हणजे ६४ टक्के नव्हे. हे आकडे दहाऐवजी सोळाच्या पायावर लिहिलेले असतात: सहा गुणिले सोळा अधिक चार, म्हणजे पूर्ण १००.