कन्सोल घेताय? खोक्याच्या आधी खातं बघा

दिवाळीचा बोनस जमा झाला की कन्सोलच्या (गेम खेळायच्या मशीनच्या) काउंटरवर तोच प्रश्न सुरू होतो: "यातला जास्त पॉवरफुल कुठला?" विक्रेता खोक्यावरचे आकडे वाचून दाखवतो, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि दोघंही खूश. सोनीच्या पीएस ५ (प्लेस्टेशन ५) च्या खोक्यावर सुरुवातीला '८के' (४के पेक्षाही बारीक चित्र) छापलेलं असायचं. पुढे सोनीनेच ते काढून टाकलं, पण तोवर त्या दोन अक्षरांवर भाळून घेणाऱ्यांनी घेऊन झालं होतं.

कन्सोलची किंमत हा नुसता पहिला हप्ता. गेम, जागा, ऑनलाइन खेळायची वर्गणी, दुसरा कंट्रोलर आणि काही घरांत टीव्हीसुद्धा, हे सगळं नंतर येतं. म्हणून आधी कागद घ्या आणि येत्या वर्षात नक्की खेळणार असे पाच गेम लिहा. शेजारी ते कुठल्या मशीनवर चालतात ते लिहा, आणि खाली ज्या मित्रांबरोबर खेळायचंय त्यांच्याकडे काय आहे ते. मारिओ आणि झेल्डा हवे असतील तर निन्टेंडोशिवाय गत्यंतर नाही. मित्रांचा सगळा कंपू पीएसवर असेल आणि तुमच्या आवडत्या गेमला क्रॉसप्ले (वेगवेगळ्या कन्सोलवरून एकत्र खेळायची सोय) नसेल, तर मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स कितीही स्वस्तात मिळाला तरी तुम्ही एकटेच खेळत बसणार. पाच नावंही सुचत नसतील तर थांबा, अजून कन्सोल घ्यायची वेळ आलेली नाही.

"५० गेम टाकून देतो"

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते इथे. जाहिरात ठरलेली: "पीएस ४, दोन कंट्रोलर, ५० गेम फ्री, अर्जंट विकणे आहे." फोटोत गेमच्या चौकटींची लांबलचक रांग दिसते. घेणारा मनातल्या मनात पन्नास गेमची किंमत लावतो आणि तिथेच फसतो.

पुढचा क्रमही ठरलेलाच. कन्सोल घरी येतो, चार दिवस झकास चालतो. मग एका संध्याकाळी प्रत्येक गेमवर कुलपाचं चिन्ह उगवतं. विकणाऱ्याला फोन केला की तो म्हणतो, "सर्व्हर डाऊन असेल, उद्या बघा." दुसऱ्या दिवशी एखादा ओटीपी देतो, दोन दिवस गाडी चालते, पुन्हा कुलूप. तिसऱ्यांदा फोन लागत नाही.

यात कन्सोल बिघडलेला नसतो. डिजिटल (डिस्कशिवाय डाउनलोड केलेल्या) गेमचा परवाना मशीनला नाही, खात्याला मिळतो. ज्या खात्यावर गेम घेतले त्याने एखादा पीएस ४ 'प्रायमरी' म्हणून नेमला, की त्या मशीनवरच्या बाकीच्या युजरनाही ते गेम खेळता येतात. पीएस ५ वर याच सोयीचं नाव 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले'. पण एका खात्याला एका वेळी प्रत्येक पिढीचं एकच मशीन असं नेमता येतं. विकणाऱ्याने दुसरा पीएस ४ घेतला आणि त्यावर प्रायमरी लावलं, की तुमच्याकडचं जातं. तुम्ही विकत घेतलेले ५० गेम तुमचे कधी नव्हतेच, त्याच्या खात्याच्या मेहेरबानीवर चालत होते.

याचंच दुसरं रूप म्हणजे सोशल मीडियावर चालणारी 'प्रायमरी' आणि 'सेकंडरी' खात्यांची विक्री. नवा गेम निम्म्याहून कमी दरात. सेकंडरी म्हणजे विक्रेत्याच्या खात्यात तुम्ही लॉगिन करायचं आणि खेळताना नेट कायम चालू ठेवायचं. त्याने पासवर्ड बदलला की खेळ खल्लास. तक्रार करायला पावती नसते, आणि हा व्यवहारच सोनीच्या अटींबाहेरचा असल्यामुळे सोनीकडेही जाता येत नाही. ज्यांना सेलपर्यंत दोन महिने धीर धरवत नाही, त्यांच्या जिवावर हा धंदा चालतो.

तिसरं रूप जेलब्रेक केलेल्या, म्हणजे चोरीचे गेम चालावेत म्हणून सोनीचं कुलूप तोडलेल्या पीएस ४ चं. त्याची खूण सोपी: विकणारा बजावून सांगतो, "अपडेट मात्र करू नका." सेटिंग्जमध्ये सिस्टीम सॉफ्टवेअरचं व्हर्जन जुनंपानं दिसतं. अशा मशीनवर ऑनलाइन खेळणं विसरा. सोनीने ते मशीन आधीच बॅन केलं, म्हणजे ऑनलाइन सेवेतून बाहेर काढलं असेल, तर नवं खातं उघडूनही काही उपयोग नाही.

सेकंडहॅन्ड घेऊ नका असं मुळीच नाही. फक्त जागेवर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. तपासणीला पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ न देणाऱ्याकडून घ्यायचंच नाही.

विकणाऱ्याला त्याच्या खात्यातून मशीन डीअॅक्टिव्हेट करायला लावा, मग तुमच्यासमोर पूर्ण रीसेट करा. पीएस ४ वर सेटिंग्ज, इनिशियलायझेशन, इनिशियलाइझ पीएस ४. पीएस ५ वर सेटिंग्ज, सिस्टीम, सिस्टीम सॉफ्टवेअर, रीसेट ऑप्शन्स. एक्सबॉक्सवर सिस्टीम, कन्सोल इन्फो, रीसेट कन्सोल, आणि त्यात 'सगळं काढून टाका' हाच पर्याय. '५० गेम' वाला इथेच कुरकुरायला लागतो. नंतर फोनचा हॉटस्पॉट देऊन तुमच्या स्वतःच्या खात्याने लॉगिन करा आणि स्टोअर उघडा. बॅन असेल तर मशीन तिथेच अडेल. लॉगिन झालं की घरून नेलेली डिस्क घालून वीस मिनिटं खेळा, दोनदा बाहेर काढून पुन्हा घाला. पंख्याचा आवाज ऐका. एचडीएमआयची (टीव्हीला चित्र नेणारी) वायर हलकेच हलवून बघा, चित्र गेलं तर पोर्ट सैल आहे. प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये कंट्रोलर लावून बघा. कंट्रोलर दोन मिनिटं टेबलावर ठेवून द्या. मेनूतला कर्सर आपोआप सरकला तर स्टिकला ड्रिफ्ट आहे. शेवटी मशीनवरचा सिरियल नंबर बिलाशी जुळवा.

पीएस ५ आधी कुणी गल्लीतल्या दुकानात उघडलेला असेल तर सोडून द्या. त्यात प्रोसेसरवर साध्या थर्मल पेस्टऐवजी (उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाऐवजी) लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू असतो. तो वीजवाहक आहे, आणि अर्धवट शिकलेल्या हाताने भलतीकडे सांडला तर बोर्डच जातो.

कन्सोल नवा, टीव्ही जुना

पन्नास हजारांचा कन्सोल आणून तो दहा वर्षांपूर्वीच्या फुल एचडी टीव्हीला लावायचा आणि मग "काही फरक दिसत नाही बुवा" म्हणायचं. दिसणार कुठून? १०८०पी म्हणजे फुल एचडी टीव्हीवर खेळायचं असेल आणि टीव्ही बदलायचा विचार नसेल, तर एक्सबॉक्स सिरीज एस पुरतो. तो मुळात १४४०पी (फुल एचडी आणि ४के यांच्या मधलं चित्र) डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलेला आहे.

उलट बाजूने फसणारेही कमी नाहीत. टीव्हीवर '१२०' वाचून घेतात आणि कन्सोल ६० च्या वर जायला तयार नसतो. 'मोशन रेट १२०' हा बऱ्याचदा ६० हर्ट्झच्या पॅनेलला चिकटवलेला जाहिरातीचा आकडा असतो. विचारायचं ते 'नेटिव्ह रिफ्रेश रेट', म्हणजे पॅनेल सेकंदाला खरोखर किती वेळा चित्र बदलतं. ४के १२० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.१ लागतं, २.० वर ४के ६० पर्यंतच मजल जाते. टीव्हीला चार पोर्ट असले तरी २.१ अनेकदा एक किंवा दोनच असतात, आणि पुष्कळ टीव्हींत त्यातलाच एक ईएआरसीचा (टीव्हीचा आवाज साउंडबारला देणारा) असतो. तिथे साउंडबार बसला की कन्सोल आपसूक दुसऱ्या पोर्टवर जातो. पोर्टशेजारची बारीक अक्षरं टॉर्च मारून वाचा आणि खोक्यात आलेलीच वायर वापरा.

पोर्ट बरोबर असला तरी टीव्हीतली सेटिंग अनेकदा बंद असते. सॅमसंगमध्ये तिचं नाव 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीमध्ये 'एचडीएमआय डीप कलर', सोनीमध्ये 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. ज्या पोर्टला कन्सोल लावलाय त्याच पोर्टसाठी ती चालू करायची.

आणि गेम मोड! तो बंद असताना टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात वेळ घालवतो. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले तर बटण दाबल्यावर सहा फ्रेम उलटून गेलेल्या असतात. क्रिकेटच्या गेममध्ये प्रत्येक बॉलला बॅट उशिरा येते, आणि दोष मात्र कंट्रोलरला. याच कारणासाठी नवा कंट्रोलर घेऊन आलेले लोक आहेत. आधी गेम मोड लावा, मग खरेदीला निघा.

डिस्क ड्राइव्हवर दहा हजार वाचवणं

पीएस ५ स्लिम (पीएस ५ चं नंतरचं छोटं मॉडेल) एप्रिल २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० रुपये होती आणि डिजिटलची (डिस्क ड्राइव्ह नसलेल्याची) ४४,९९०. तेव्हाचा दहा हजारांचा फरक बघून बरेच जण डिजिटलकडे वळले. पण नवा मोठा गेम पाच हजारांच्या घरात असतो. डिस्क खेळून झाल्यावर विकली आणि प्रत्येकी दीड-दोन हजार परत आले, तरी पाच ते सात गेममध्ये तो फरक वसूल होतो. शिवाय मित्रांमध्ये अदलाबदल फुकट. डिजिटल गेम विकता येत नाही, उसना देता येत नाही.

ज्यांचे एक-दोन ऑनलाइन गेम वर्षानुवर्षं चालतात किंवा जे फक्त वर्गणीतले गेम खेळतात, त्यांनी डिजिटल खुशाल घ्यावा. स्लिमला ड्राइव्ह नंतरही जोडता येतो; पहिल्यांदा जोडताना नेट लागतं एवढंच. २०२० च्या मूळ डिजिटल मॉडेलला आणि सिरीज एसला ती सोय नाही. म्हणजे घरात जुन्या एक्सबॉक्सच्या डिस्क पडून असतील तर सिरीज एस त्यांच्यासाठी निरुपयोगी, डिस्कवाला सिरीज एक्स घ्यावा लागेल. पीएस ५ वर पीएस ४ चे जवळपास सगळे गेम चालतात, पीएस ३ आणि पीएस २ च्या डिस्क चालत नाहीत. हे घेण्याआधी विचारायचं असतं.

आयात केलेली स्वस्त डिस्क घेताना एक ध्यानात ठेवा: पीएसचे गेम कुठल्याही देशाचे चालतात, पण नंतर घ्यायचं डीएलसी (गेममध्ये भर घालणारा जादा भाग) डिस्कच्या रीजनशी जुळावं लागतं. भारतीय खात्यावर अमेरिकेची डिस्क असेल तर गेम चालेल, डीएलसी अडकेल.

जागा आणि नेट

खोक्यावरची जागा आणि हातात येणारी जागा वेगळी. मूळ पीएस ५ च्या ८२५ जीबीतून सुमारे ६६७ जीबी मिळते, सिरीज एसच्या ५१२ मधून सुमारे ३६४. शंभर जीबीचे तीन गेम टाकले की सिरीज एस भरला. डिस्क घेतली तरी गेम ड्राइव्हवर इन्स्टॉल होतोच.

पीएस ५ मध्ये स्वतः एसएसडी (जागा वाढवणारी वेगवान ड्राइव्ह) बसवता येते. दुकानात असं मागा: एम.२ एनव्हीएमई, पीसीआयई जेन ४, सोनीच्या शिफारशीनुसार ५,५०० एमबी प्रति सेकंद वाचनवेग, आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) हवाच. हीटसिंकसकट जाडी ११.२५ मिलिमीटरच्या वर गेली तर झाकण बसत नाही. कॉम्प्युटरसाठीचे भलेमोठे हीटसिंक इथेच नडतात. बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर पीएस ४ चे गेम खेळता येतात, पीएस ५ चे फक्त साठवता येतात. सिरीज एस आणि एक्सला खास एक्सपान्शन कार्डच लागतं आणि ते महाग आहे, म्हणून स्वस्त सिरीज एसचा हिशेब कार्ड धरूनच करा. निन्टेंडोच्या स्विच २ ला साधं मायक्रोएसडी चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेस लागतं. जुनं कार्ड घालून "स्लॉट खराब आहे" म्हणू नका.

शंभर जीबीला १०० एमबीपीएसवर साधारण सव्वादोन तास, ३० वर साडेसात. मोबाइल हॉटस्पॉटच्या जिवावर डिजिटल कन्सोल घेणाऱ्यांना हात जोडून नमस्कार.

बाकीच्या चुका थोडक्यात

निन्टेंडो भारतात स्विच अधिकृतपणे विकत आलेला नाही. दुकानात दिसतो तो आयात माल, त्यामुळे 'वॉरंटी' म्हणजे दुकानदाराचा शब्द. तो शिक्क्यासह बिलावर लिहून घ्या.

विकत घेतलेला गेम पीएसवर ऑनलाइन खेळायला पीएस प्लस ही सोनीची वर्गणी लागते. फुकट मिळणाऱ्या गेमना लागत नाही. लहान मुलांसाठी घेताना ही वर्गणी आधीच बजेटमध्ये धरा.

शोकेसच्या काचेआड कन्सोल कोंडू नका. सोनी चहूबाजूंनी किमान १० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवायला सांगते.

वीज वारंवार जात असेल तर रेस्ट मोड (मशीन अर्धवट चालू ठेवून झोपवणं) बंद ठेवा आणि मशीन पूर्ण बंद करा. पीएस ५ खेळताना २०० वॉटच्या आसपास खातो. इन्व्हर्टरवर चालवायचाच असेल तर साइन वेव्हचा हवा, आणि त्यावरचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर बदलाच्या क्षणात मशीन बंद पडतं.

असं बंद पडून नंतर पीएस ५ रखडत चालू लागला, तर दुरुस्तीला नेण्याआधी मशीन पूर्ण बंद करून पॉवर बटण दुसरा बीप येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धरा. सेफ मोड (दुरुस्तीचा मेनू) उघडतो. कंट्रोलर यूएसबी वायरने जोडा आणि 'क्लिअर कॅश अँड रीबिल्ड डेटाबेस' मधून डेटाबेस रीबिल्ड करा. गेम जात नाहीत. 'रीसेट पीएस ५' ला हात लावू नका, त्याने सगळं पुसलं जातं. टीव्ही बदलल्यावर स्क्रीन काळी राहिली तर त्याच मेनूतून रेझोल्यूशन बदलता येतं. कंट्रोलरच जोडला जात नसेल तर त्याच्या पाठीवरच्या बारीक भोकात पिन घालून पाच सेकंद दाबा आणि पुन्हा वायरने जोडा. ती वायर डेटा नेणारी हवी. स्वस्त चार्जरबरोबर आलेल्या काही वायरींतून फक्त चार्जिंग होतं, आणि मग माणूस तासभर पिन टोचत बसतो.