चकीचे पिक्चर बघायचेत? मग क्रम असा लावा

चकी म्हणजे हॉलिवूडचा तो खुनी बाहुला, आणि त्याचा पहिला पिक्चर चाइल्ड्स प्ले. ओटीटीवर चाइल्ड्स प्ले टाकून सर्च केलं की पहिली गोची तिथेच होते, कारण त्याच नावाचे दोन पिक्चर समोर येतात, एक 1988चा आणि एक 2019चा, आणि नव्याचं पोस्टर चकाचक असल्यामुळे बोट आपोआप तिकडेच जातं. तर पहिलं काम म्हणजे साल बघा आणि 1988चा घ्या. 2019चा रीमेक आहे, त्यातला बाहुला वेगळा, गोष्ट वेगळी, बाकी मालिकेशी त्याचा काडीचा संबंध नाही, त्याच्याबद्दल शेवटी सांगतो.

मूळ गोष्टीचे सात पिक्चर आहेत, 1988 ते 2017 मधले, आणि त्यांच्यापुढे तीन सीझनची सिरीज आहे, 2021 ते 2024. ऐकून दम लागतो पण पिक्चर सगळे दीड तासाच्या आसपासचे आहेत त्यामुळे एवढं काही नाही. आणि एक गोष्ट या फ्रँचायझीत आहे जी हॉररमध्ये सहसा सापडत नाही, ती म्हणजे सातही पिक्चरच्या लिखाणात डॉन मॅन्सिनी हा एकच माणूस आहे (पहिल्याला अजून दोघांचा हात लागला होता), सिरीजही त्यानेच काढली, आणि चकीचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत ब्रॅड डुरिफचाच. लॉर्ड ऑफ द रिंग्जमधला तो राजाच्या कानाला लागणारा पांढराफटक वर्मटंग आठवतो का, तोच हा. त्यामुळे गोष्ट कितीही वाकडीतिकडी गेली तरी धागा तुटत नाही, आणि मधलं काही गाळायचं असेल तर विचार करून गाळावं लागतं.

आता मुख्य सल्ला. सातही एका वीकेंडला सलग बघू नका. लोक तेच करतात आणि चौथ्या पिक्चरला वैतागून सोडून देतात की हे काय, हा तर कॉमेडी झाला. अहो झालाच आहे, मुद्दाम केलाय. ही मालिका मध्येच दोनदा आपला सूर बदलते, म्हणून तिचे तीन वाटे करा आणि दोन वाट्यांच्या मध्ये आठ-पंधरा दिवस जाऊ द्या.

पहिला वाटा म्हणजे 1988 आणि 1990चा, जमलं तर 1991चा. पहिल्याचा डायरेक्टर टॉम हॉलंड, स्पायडरमॅनवाला नव्हे, तो तेव्हा जन्मलाही नव्हता. शिकागोत चार्ल्स ली रे नावाचा खुनी पोलिसांची गोळी लागून खेळण्यांच्या दुकानात घुसतो आणि मरता मरता मंत्र म्हणून आपला जीव गुड गाय नावाच्या ब्रँडच्या एका बाहुल्यात घालतो, तोच चकी. (नावाची गंमत बघा, चार्ल्स मॅन्सन, ली हार्वे ओसवाल्ड आणि जेम्स अर्ल रे, तिघांचं मिळून एक नाव केलंय.) तो बाहुला अँडी नावाच्या सहा वर्षांच्या पोराच्या वाढदिवसाला घरी येतो. बिचाऱ्या आईला दुकानातला परवडत नाही म्हणून ती मागच्या गल्लीत एका फेरीवाल्याकडून स्वस्तात घेते. अमेरिकेत 1983च्या सुमाराला कॅबेज पॅच बाहुल्यांसाठी आईबापांनी दुकानात अक्षरशः मारामाऱ्या केल्या होत्या, मॅन्सिनी तेव्हा विशीतला पोरगा, पुढे कॉलेजात असतानाच या सगळ्या जाहिरातबाजीवर चिडून त्याने ही गोष्ट लिहिली. हे डोक्यात ठेवून बघा म्हणजे तो टीव्हीवरचा गुड गायचा कार्यक्रम, त्याच ब्रँडचे कपडे, त्याच ब्रँडचं नाश्त्याचं सीरियल, हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत का कोंबलंय ते कळतं.

हा पिक्चर कसा बघायचा तर धीर धरून. जवळजवळ अर्धा होईपर्यंत चकी तुमच्यासमोर धड हलतच नाही. पावलं धावताना ऐकू येतात, मागून काहीतरी सुळकन जातं, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवरून फिरतो, आणि पोरगं सांगतंय की चकीने केलं तर कुणी ऐकत नाही. मोबाईल हातात घेऊन बघितलात तर हा अर्धा भाग बोअर होणार, गॅरंटी. मोबाईल बाजूला ठेवा कारण त्यानंतर तो बॅटरीचा सीन येतो आणि तो सीन म्हणजे अख्ख्या फ्रँचायझीचा कणा आहे. आई वैतागून बाहुल्याचा खोका उचलते, त्यातून नव्याकोऱ्या बॅटऱ्या खाली पडतात. म्हणजे इतके दिवस हा बोलतोय, मान फिरवतोय, आणि बॅटऱ्या तर खोक्यातच. मग ती त्याला उचलते, पाठीवरचं झाकण उघडते, आत रिकामं. आता पुढे काय होतं ते सांगत नाही, लाईट बंद करून बघा.

अजून एक गोष्ट बघायला विसरू नका, चकीचे केस. सुरुवातीला कपाळावर मस्त दाट झिपऱ्या आहेत, आणि पिक्चर पुढे सरकतो तशी केसांची रेषा मागे मागे जाते, चेहरा रापतो, शेवटी तो मेलेल्या चार्ल्स ली रेसारखाच दिसायला लागतो. हे उगाच नाही, गोष्टीतच आहे की बाहुल्यात जास्त दिवस राहिला तर तो माणूस होत जाणार आणि तिथेच अडकणार. हे सगळं कॉम्प्युटरशिवाय केलंय बरं का, केविन येगरच्या टीमने यंत्रावर चालणारे बाहुले बनवले, डुरिफचे डायलॉग आधी रेकॉर्ड केले आणि त्यावर बाहुल्याचे ओठ हलवले. काही धावपळीच्या शॉटला बुटका अभिनेता एड गेल याला चकीचे कपडे घालून पळवलंय, आणि तो बाहुल्याएवढा छोटा वाटावा म्हणून सेटच मोठा बांधला. (येगर आणि आईचं काम करणारी कॅथरिन हिक्स यांची ओळख याच सेटवर झाली आणि पुढे त्यांनी लग्न केलं. खुनी बाहुल्याने जमवलेलं लग्न.)

मराठी माणसाला या पिक्चरचे नियम वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत कारण आपला झपाटलेला, 1993चा, याच कल्पनेवरून आलाय. मरणारा गुंड, मंत्र, बाहुल्यात गेलेला जीव, आणि बाहेर पडायचं तर ज्याला पहिल्यांदा आपलं गुपित सांगितलं त्याच्याच शरीरात जायचं, ही अट दोन्हीकडे तीच आहे, तिकडे अँडी, इकडे लक्ष्या. फक्त इथे तात्या विंचूला भुवयांच्या मधोमध गोळी लागते आणि तिकडे चकीच्या काळजात मारावी लागते. ओम फट् स्वाहाच्या जागी तिकडे "अडे ड्यू डंबाला" असं सुरू होतं. हा डंबाला हैतीच्या वूडू परंपरेतला खराखुरा देव आहे, सर्पदेव, आणि तिथे तो चांगला, शांत देव मानतात, हॉलिवूडने त्याला उगाच बदनाम केलंय. कोठारे आणि पाध्ये यांनी मात्र एक गोष्ट भारी केली, लक्ष्यालाच बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा केला, त्यामुळे बाहुला बोलला तरी लोकांना वाटतं हाच बोलतोय, मूळ पिक्चरपेक्षा हा धागा जास्त चपखल आहे असं माझं स्पष्ट मत. चकीचा पहिला बघून झाला की झपाटलेला परत लावा, लहानपणी घाबरून उशीत तोंड घातलं होतं ते सीन आता वेगळेच दिसतात.

1990चा दुसरा भाग माझ्या मते पहिल्यापेक्षा जास्त मजेदार आहे. अँडी आता परक्या कुटुंबात राहायला आलाय, तिथे काईल नावाची मोठी मुलगी आहे, तिला नीट लक्षात ठेवा, पुढे खूप वर्षांनी कामाला येणार आहे. आणि क्लायमॅक्स खेळण्यांच्या फॅक्टरीत, खोक्यांच्या उंचच उंच भिंतींची गल्लीबोळ आणि प्रत्येक खोक्यातून तोच चेहरा हसतोय. हा सीन मोठ्या स्क्रीनवर बघा. 1991चा तिसरा मात्र दुसऱ्यानंतर वर्षाच्या आत घाईघाईत काढलेला आहे, मिलिटरी स्कूलमध्ये घडतो, अँडीचं काम दुसऱ्याच पोराने केलंय, आणि खुद्द मॅन्सिनीने सांगितलंय की हा त्याचा सगळ्यात नावडता. वेळ नसेल तर खुशाल गाळा. लुटुपुटूच्या लढाईत चकी रंगाच्या गोळ्या काढून खऱ्या गोळ्या भरतो तेवढा भाग यूट्यूबवर बघितलात तरी चालेल.

आता थांबा, आठवडाभर दुसरं काहीतरी बघा, आणि मग दुसरा वाटा घ्या. ब्राइड ऑफ चकी, 1998, डायरेक्टर हाँगकाँगचा रॉनी यू. नावातूनच चाइल्ड्स प्ले गेलं, गोष्टीतून लहान पोरगं गेलं, आणि चकीची जुनी मैत्रीण टिफनी आली, म्हणजे जेनिफर टिली. तिने फाटलेला चकी टाके घालून शिवलाय, तो टाक्यांचा चेहराच आता सगळीकडे टी-शर्टवर असतो. हा हॉरर म्हणून बघाल तर फसाल, दोन बाहुल्यांचं भांडकुदळ लग्न म्हणून बघा, नवराबायको भांडतायत आणि मधेमधे खून करतायत, लय भारी जमलाय. सोबत बघायला मित्र बोलवायचे तर याच पिक्चरला बोलवा.

सीड ऑफ चकी, 2004, इथे भांडण होणार मला माहितीये. मॅन्सिनीने पहिल्यांदा स्वतः डायरेक्ट केला आणि सगळे लगाम सोडले. चकी-टिफनीचं पोरगं, ते मुलगा की मुलगी यावर आईबापाचं एकमत नाही, बाप म्हणतो ग्लेन, आई म्हणते ग्लेंडा, आणि जेनिफर टिली स्वतःच जेनिफर टिली म्हणून येऊन स्वतःचीच टिंगल करते. अर्ध्या लोकांना हा भयंकर आवडतो, अर्ध्यांना नुसता भयंकर वाटतो. मला मधलं अर्धं आवडतं. पण सिरीजपर्यंत जायचा विचार असेल तर गाळू नका, कारण दुसऱ्या सीझनमध्ये ग्लेन आणि ग्लेंडा दोघंही परत येतात आणि हा बघितला नसेल तर डोक्यावरून जाईल.

परत थोडी सुट्टी, आणि मग तिसरा वाटा. कर्स ऑफ चकी, 2013, थिएटरला न येता थेट डीव्हीडीवर आला म्हणून लोकांनी हलक्यात घेतला, आणि तोच निघाला पहिल्यानंतरचा सगळ्यात घाबरवणारा. एक जुनं मोठं घर, व्हीलचेअरवरची नीका, आणि नीकाचं काम कोणी केलंय तर ब्रॅड डुरिफची सख्खी मुलगी फियोना. बाप बाहुल्याच्या आवाजात मुलीला छळतोय, बघताना हे आठवलं की अजून विचित्र वाटतं. यातला जेवणाचा सीन नीट बघा. सगळ्यांसाठी चिली नावाच्या रश्श्याचे बाऊल वाढलेले, चकीने एकातच उंदराचं विष टाकलंय, कॅमेरा वरून टेबलावर, आणि कोणाच्या पुढ्यात कुठला आला ते आपल्यालाही माहीत नाही. लोक घास घेतायत, गप्पा मारतायत, एवढंच आहे सगळं, आणि घसा कोरडा पडतो.

आणि इथे चकीचा चेहरा गुळगुळीत दिसेल, टाके गायब. तुम्हाला वाटेल हा रीमेक झाला का, मागचं पुसलं का. पुसलेलं नाही, चेहऱ्याकडे लक्ष ठेवा एवढंच सांगतो.

कल्ट ऑफ चकी, 2017, पांढऱ्याशुभ्र मनोरुग्णालयात घडतो आणि एका चकीच्या जागी अनेक चकी. शेवटाला धागे मोकळेच सोडलेत कारण सिरीज डोक्यात होती. आता सगळ्यात कामाची सूचना, कर्स आणि कल्ट दोन्हीला नावं संपल्यावर सीन आहेत आणि ओटीटीवाले नावं सुरू झाली की लगेच पुढचं काहीतरी लावून मोकळे होतात. ऑटोप्ले बंद करा. अनरेटेड कट, म्हणजे काटछाट न केलेला, मिळत असेल तर तोच घ्या, हे शेवटचे तुकडे त्यात असतात. त्यात जुनी माणसं परत येतात, अँडी तर येतोच, आणि तो करणारा तोच ॲलेक्स व्हिन्सेंट, जो 1988ला छोटं पोरगं होता. पहिले दोन पिक्चर नीट बघितलेले असले तरच इथे अंगावर काटा येतो, नाहीतर कोण हा दाढीवाला असं होतं.

सिरीज चकी या नावानेच आहे. न्यू जर्सीतलं हॅकेनसॅक गाव, जेक नावाचा चौदा वर्षांचा मुलगा बाहुल्यांचे तुकडे जोडून कलाकृती बनवतो, त्यासाठी कोणाच्या तरी घरापुढच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून गुड गाय घेऊन येतो. पहिला सीझन नव्या माणसालाही चालतो, दुसरा मात्र आधीचं सगळं बघितलेल्यांसाठीच आहे, तिसऱ्यात तर चकी थेट व्हाइट हाऊसमध्ये पोचतो. 2024ला सिरीज बंद केली आणि गोष्ट ऐन मोक्यावर लटकलेली आहे, तेव्हा तयारीने बसा.

पोरांबरोबर बघायचा विचार असेल तर नको. बाहुला दिसतो म्हणून लहान मुलांचा नाही होत, रक्त सोडा, चकीच्या तोंडी जी शिवीगाळ आहे ती दिवाणखान्यात ऐकवण्यासारखी नाही. पहिल्या पिक्चरमध्ये लिफ्टमधली म्हातारी त्याला कुरूप म्हणते आणि तो तिच्या पाठीमागे जे बोलतो ते ऐकून सासूबाई उठून जातील.

राहिला 2019चा. पहिल्या पिक्चरचे हक्क वेगळ्या कंपनीकडे राहिले होते, त्यांनी मॅन्सिनीला बाजूला ठेवून परत काढला. इथे मंत्र नाही, जीव नाही, व्हिएतनामच्या फॅक्टरीत चिडलेला कामगार एका बाहुल्याच्या चिपमधली सगळी बंधनं काढून टाकतो आणि तो स्मार्ट बाहुला घरातल्या सगळ्या उपकरणांना जोडला जातो. आवाज मार्क हॅमिलचा, स्टार वॉर्सवाला ल्यूक. वाईट नाहीये, खरं तर बाहुल्याची कीवच येते, कारण त्याला कोणी वाईट शिकवलंच नाहीये, पोरं टीव्हीवर हाणामारी बघून हसतात ते बघून तो शिकतो. सातही झाल्यावर कधीही बघा, आधी बघितलात तरी काही बिघडत नाही, फक्त हाच चकी असं समजून थांबू नका.