जुन्या पिकअपचा एसी: गॅस भरण्याआधी दोष शोधा

नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) तोंडावर आला की नागपुरात जुन्या बोलेरो कॅम्पर, झेनॉन एसीच्या दुकानांपुढे उभ्या दिसतात, आणि बहुतेकांना एकच इलाज सांगितला जातो: गॅस भरून घ्या. गॅस काही डिझेलसारखा जळत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती तशीच ठेवून भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. अनेकदा तर दोषाचा गॅसशी संबंधच नसतो. म्हणून गॅसचं प्रेशर मोजणारं गेज सगळ्यात शेवटी लावा.

आधी हवा बघा. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल तर रेझिस्टर गेला. सगळ्या स्पीडवर चालतो पण जाळीतून हवा कमी येते, तर कूलिंग कॉइल चोंदली आहे. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये केबिन फिल्टर नसतोच, सगळी धूळ थेट कॉइलवर बसते. कोराडी-खापरखेडा भागात वीज केंद्रांच्या राखेच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीची कॉइल दर उन्हाळ्याआधी धुतलेली बरी. गाडीखाली पाणी टपकत नाही म्हणून मात्र मे महिन्यात घाबरू नका. इथली हवा तेव्हा इतकी कोरडी असते की थेंब कमीच पडतात. पावसाळ्यात टपकलं नाही आणि पायपुसणं ओलं झालं, तर ड्रेन पाइप तुंबला.

नंतर हीटर. इंजिन गरम झालं की हीटरच्या दोन्ही होजना सांभाळून हात लावा. लीव्हर थंडवर असूनही दोन्ही होज सारखेच चटके देत असतील, तर हीटरचं गरम पाणी अडवणारा कॉक नीट बंद होत नसावा. गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने एक होज दाबा. पाच मिनिटांत हवा गार झाली तर एसी ठणठणीत आहे, कॉक किंवा त्याची केबल बदला. बाहेरची हवा घेणारी झडप उघडी अडकली असेल तरी हेच होतं: ४५ अंशांची लू सरळ कॉइलवर येते, आणि कुठलाही कॉम्प्रेसर तिला पुरा पडत नाही.

आता बॉनेट उघडा. एसीचं बटण दाबल्यावर ‘टक्’ आवाज येऊन कॉम्प्रेसरची पुढची प्लेट पुलीसोबत फिरली पाहिजे. फिरत नसेल तर फ्यूज बघा, मग त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे लावून बघा. तरीही नाही, तर क्लचच्या (प्लेट पुलीला चिकटवणाऱ्या विद्युतचुंबकाच्या) कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि कनेक्टरवर ११.५ दिसत असतील, तर वायर, रिले किंवा अर्थिंग मध्येच व्होल्टेज खातंय. अर्धा व्होल्ट कमी चालेल, त्याहून जास्त नाही. व्होल्टेज पुरेसं असेल तर क्लचच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजा, साधारण ३ ते ५ ओम हवा.

‘सकाळी चालतो, दुपारी बंद पडतो’ या तक्रारीत मेकॅनिक हमखास चुकतात. क्लच प्लेट घासून घासून तिच्या आणि पुलीच्या मधलं अंतर वाढतं. क्लचची कॉइल थंड असताना ते अंतर ओढून घेते. गरम झाली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, करंट घटतो, आणि प्लेट चिकटत नाही. इंजिन बंद करा, फीलर गेज घ्या. ०.३ ते ०.७ मिमी ठीक. एक मिमीच्या पुढे गेलं असेल तर मधला बोल्ट खोलून एखादी शिम (पातळ चकती) काढा. काम फुकटात होतं, आणि याच दोषापायी चांगले कॉम्प्रेसर भंगारात जातात.

कनेक्टरवर व्होल्टेजच नसेल तर प्रेशर स्विच तपासा. साधारण २८ पीएसआयच्या खाली आणि ४५० च्या वर तो क्लचचा करंट तोडतो. जंपर लावून (स्विचच्या पिना वायरने थेट जोडून) बघायचं तर दोन-तीन सेकंदच. गॅस नसेल तर तेलही फिरत नाही, आणि कॉम्प्रेसर जाम होतो.

एवढं सगळं नीट असेल तर गेज लावा, चष्मा आणि हातमोजे घालून. गाडी रात्रभर सावलीत उभी असेल तर दोन्ही काटे सारखे दिसतील. गाडीत आर-१३४ए जातीचा गॅस असेल तर ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय, ४० ला सुमारे १३३. याहून बरंच जास्त म्हणजे आत हवा किंवा भलताच गॅस मिसळलाय. सगळा मशीनने काढून (रिकव्हर करून) नव्याने भरावा लागेल. काटा बरोबर दाखवतो म्हणून गॅस पुरेसा आहे असं मात्र समजू नका. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी प्रेशर तेवढंच दिसतं.

मग इंजिन १,५०० आरपीएमवर, ब्लोअर पूर्ण, दरवाजे उघडे. बाहेर ४० अंश असताना लो साइड (कॉम्प्रेसरकडे परतणारा कमी दाबाचा पाइप) ४० ते ५५ आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून निघणारा जास्त दाबाचा) २३० ते २८० पीएसआय असावी. दोन्ही कमी: गॅस कमी. लो जास्त आणि हाय कमी: कॉम्प्रेसर आतून झिजला. लो जवळजवळ शून्यावर, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) किंवा पाइपवर एकाच जागी दव-बर्फ: तिथेच अडथळा. वीस मिनिटं गार, मग गरम, बंद करून थांबलं की पुन्हा गार: हवेचा जोरही घटत असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय, थर्मोस्टॅट बघा, जोर तसाच असेल तर गॅसमधला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (कूलिंग कॉइलच्या तोंडाशी गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्रात) गोठतोय.

दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सरवर (रेडिएटरपुढच्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर) पाण्याची बारीक फवार मारा. हाय साइड धपकन उतरून हवा गार झाली तर कंडेन्सरला वारा मिळत नाही. वाडी नाक्यावर गाडी थांबली की गरम आणि अमरावती रोडला लागली की गार, ही त्याचीच खूण. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत टॉर्च मारा. कळमन्यातून धान्य वाहणाऱ्या गाडीत तिथे भुश्याचा थर सापडतो. आतून बाहेर, साध्या नळाच्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने फिन (पातळ पत्र्या) झोपतात. पंख्यापुढे कागद धरून तो आत ओढला जातो का तेही बघा. मोटर बदलताना वायरी उलट्या जोडल्या की पंखा उलटा फिरतो. फवारणीनेही फरक नाही, तर गॅस जास्त भरलाय किंवा आत हवा आहे.

गळती शोधायला जोडांवर तेलकट धूळ बघा: ओ-रिंग, कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील, कंडेन्सरचा खालचा कोपरा. रिकाम्या सिस्टिममध्ये १५० पीएसआय नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावा. टायरवाल्याची हवा नको, ऑक्सिजन तर कधीच नाही.

पाइप उघडला की ड्रायर नवा. कंडेन्सर बदलला तर साधारण ३० मिली तेल वाढवा, ग्रेड कॉम्प्रेसरवर लिहिलेलीच. पाऊण तास पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम घ्या. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच असल्याने व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या २८.८ इंचांच्या आसपास थांबेल, २९.९ ची वाट बघू नका. पंप बंद करून वीस मिनिटं काटा हलला नाही, तरच भरा: बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. इंजिन चालू असताना फक्त लो साइडने, डबा सरळ धरून. हाय साइडचा नॉब उघडला तर डबा फुटू शकतो. ४४ अंशांत चालत्या गाडीत, आतली हवा फिरवत, जाळीपाशी १० ते १४ अंश मिळाले तर काम झालं.