घराचा व्यवहार लांबतोय? निदान या चुका टाळा

आमच्या फ्रिजच्या दारावर एक कॅलेंडर होतं. त्यातल्या एका तारखेभोवती लाल पेनाने गोल केलेला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘किल्ल्या’. ती तारीख आली आणि गेली. पुढच्या महिन्यात दुसरा गोल. मग तिसरा. तिसरा गोल मी पेन्सिलीने केला, एवढीच काय ती मधल्या काळात आलेली अक्कल.

जुनं घर विकायचं आणि त्याच पैशांतून नवं घ्यायचं, असा आमचा दुहेरी व्यवहार होता. त्यात मी केलेल्या आणि इतरांना करताना पाहिलेल्या चुका इथे लिहितेय. त्यातल्या पैशांशी संबंधित चुका फार थोड्या होत्या. उशीर टाळणं बऱ्याचदा आपल्या हातात नसतंच. त्या उशिरात आपण काय करतो हे मात्र असतं, आणि आम्ही नेमकी तिथेच माती खाल्ली.

ताण येतो यात नवल नाही. १९६७ साली होम्स आणि राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, लग्नाला ५०, आणि घर बदलण्याला फक्त २०. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. पण यादी नीट बघितली की लक्षात येतं, घर एकटं बदलत नाही. मोठं कर्ज काढणं ३१, आर्थिक परिस्थितीतला बदल ३८, झोपेच्या वेळा बिघडणं १६, जोडीदाराशी होणाऱ्या वादांत वाढ ३५. घर बदलण्याचे २० धरून बेरीज १४० होते.

पहिली चूक: एकच तारीख धरून बसणं

सगळ्यात महाग पडलेली चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

एजंटने सांगितलेली तारीख ही ‘सगळं सुरळीत झालं तर’ची तारीख असते. ‘तर’ आपण ऐकत नाही. मग त्या तारखेला सामान हलवणाऱ्यांचं बुकिंग होतं, भाड्याच्या घराची नोटीस जाते, रजा टाकली जाते, मुलांच्या शाळेचं ठरतं. आता एक सही दोन दिवस लांबली तरी चार गोष्टी कोसळतात. मग आपल्याला वाटतं, सहीमुळे त्रास झाला. खरा त्रास त्या चार गाठींनी झालेला असतो, आणि त्या आपणच मारलेल्या असतात.

माणसाचा अंदाज किती चुकतो, याचा एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपवाल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळं बिघडलंच तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे त्यांनी केलेली वाईटातली वाईट कल्पनासुद्धा आशावादीच निघाली. आणि ते काम त्यांचं एकट्याचं होतं. घराच्या व्यवहारात बँक, वकील, मूल्यांकन करणारा, निबंधक कार्यालय आणि समोरचं कुटुंब, इतके जण आहेत.

म्हणून वकिलाला ‘आमचं कधी होईल?’ असं विचारू नका. ‘तुमच्या मागच्या पाच-सहा व्यवहारांना प्रत्यक्ष किती दिवस लागले?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला धीर मिळतो, दुसऱ्याला माहिती. मग तारखेऐवजी एक पट्टा धरा, अमुक आठवड्यापासून तमुक आठवड्यापर्यंत. ज्या गोष्टी परत फिरवता येत नाहीत, म्हणजे नोटीस, परतावा न मिळणारं बुकिंग, जुन्या घरातला ताबा सोडणं, त्या पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला बांधा. परत फिरवता येतात त्या हव्या तर आधी करा.

आणि किल्ल्यांचा दिवस जोडून आलेल्या सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेवू नका. त्या दिवशी दुपारी पैसे खात्यात पोचले नाहीत तर सुट्टी संपेपर्यंत कोणी फोनही उचलत नाही, आणि सामान ट्रकमध्ये असतं.

दुसरी चूक: ‘काही अपडेट?’ असं विचारत राहणं

मी बँकेत रोज फोन करायचे.

‘काही अपडेट?’

‘मॅडम, प्रोसेसमध्ये आहे.’

‘किती दिवस लागतील?’

‘दोन-तीन दिवसांत कळवतो.’

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी माझा मेहुणा माझ्या शेजारी बसला होता. त्याने फोन मागून घेतला आणि शांतपणे विचारलं, ‘फाइल आत्ता कोणाच्या टेबलावर आहे? आणि ती पुढे जायला काय हवंय?’ पलीकडे मिनिटभर कागदांची सळसळ. मग कळलं की जुन्या कागदावर माझं नाव एका प्रकारे होतं आणि ओळखपत्रावर दुसऱ्या प्रकारे. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र हवं होतं. ते आमच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, कधीचं करून ठेवलेलं होतं. अकरा दिवस फाइल माझीच वाट बघत होती.

तेव्हापासून मी तीनच प्रश्न विचारते. कोणाकडे आहे? कशासाठी थांबलंय? माझ्याकडून काही हवंय का? उत्तर ‘काही नको’ असलं तरी रात्री झोप लागते. प्रतीक्षेच्या मानसशास्त्रावर व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये लिहिलं होतं की, कारण न कळलेली प्रतीक्षा कारण कळलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते आणि अनिश्चित प्रतीक्षा ठरावीक प्रतीक्षेपेक्षा. रांगांबद्दलचं हे निरीक्षण घराच्या फायलीला तंतोतंत लागू पडतं.

त्याच संध्याकाळी एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखले. काम, कोणाकडे, कधी दिलं, पुढचा फोन कधी. बस. फोन आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, आणि फोननंतर दोन ओळींचा ईमेल: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे अमुक कागद तुम्ही गुरुवारपर्यंत देणार आहात.’ यात भांडण नाही, पण गुरुवार कागदावर येतो. अर्धवट राहिलेली कामं डोक्यात घोळत राहतात हे सगळ्यांना माहीत आहे. २०११ च्या एका संशोधनात दिसलं की काम पूर्ण होण्याचीही गरज नसते. ते पुढे कधी, कसं करायचं याचा नेमका बेत ठरला, तरी ते घोळणं कमी होतं. चौथा रकाना त्यासाठीच.

तिसरी चूक: कागद ‘नंतर बघू’ म्हणणं

विकणाऱ्यांकडून ही जास्त होते. गिऱ्हाईक मिळालं की कागद काढू, असं म्हणतात, आणि गिऱ्हाईक मिळाल्यावर कळतं की जुनं कर्ज फिटलं तरी बँकेचा बोजा नोंदीतून उतरवलेलाच नाही. किंवा मूळ मालक वारले आहेत आणि एका वारसाची सही बाकी आहे. किंवा बाल्कनी बंद करून केलेली खोली मंजूर नकाशात कुठेच नाही. यातलं काहीच दोन दिवसांत होत नाही. घर विकायला काढण्याआधी एकदा वकिलाकडून कागद तपासून घ्या. खरेदीदाराचा वकील जे प्रश्न काढणार, ते आपल्याला आधी कळलेले बरे.

घेणाऱ्यांसाठी एक वेगळीच मेख आहे. बँक तेच कागद पुन्हा मागते तेव्हा आपला पारा चढतो. पण खात्याचा उतारा आणि पगाराची स्लिप ही ताजी लागतात. व्यवहार तीन महिने लांबला तर आधी दिलेली शिळी होतात. दर महिन्याला नवी स्लिप आणि उतारा एका फोल्डरमध्ये टाकत जा, मागितल्यावर पाच मिनिटांत पाठवता येईल. कर्जमंजुरीच्या पत्रालाही मुदत असते. ती संपायला महिना उरला की मुदतवाढीचं विचारा, संपल्यावर नको, कारण तोवर व्याजदर बदललेला असू शकतो.

चौथी चूक: समोरच्याला खलनायक ठरवणं

आमचा खरेदीदार तीन आठवडे गप्प होता. आम्ही घरी बसून त्याच्याबद्दल काय काय बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. नंतर कळलं, त्याचं स्वतःचं घर घेणारा माणूस अडकला होता, आणि त्या माणसाचंही घर विकलं जायचं होतं.

ही साखळी असते. एक साधं गणित करा. साखळीत पाच व्यवहार आहेत आणि प्रत्येक वेळेवर होण्याची शक्यता ९० टक्के, म्हणजे चांगलीच. ते एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरलं तरी पाचही वेळेवर होण्याची शक्यता उरते जेमतेम ५९ टक्के. कोणीही नालायक नसताना हे होतं. त्यामुळे बोलणी सुरू होतानाच विचारा, ‘तुम्हाला आधी काही विकायचंय का? आणि ते घेणाऱ्याला?’ दोन गिऱ्हाइकं असतील तर थोडी कमी किंमत देणारा पण ज्याच्या मागे साखळी नाही असा माणूस मी आता निवडेन. तेव्हा नाही निवडला.

पाचवी चूक: किंमत मनाला चिकटवून घेणं

बाजार उतरलेला असतो, पण ‘आम्ही एवढ्याला घेतलं होतं’ हे वाक्य सुटत नाही. बॉस्टनमधल्या फ्लॅटविक्रीच्या नोंदींवरचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. खरेदीच्या किमतीपेक्षा कमी मिळण्याची वेळ आलेले मालक इतरांपेक्षा जास्त भाव सांगत आणि त्यांची घरं जास्त दिवस पडून राहत. आपण किती दिलं होतं याच्याशी आजच्या खरेदीदाराला काही देणंघेणं नसतं. उलट बाजूने, वकील, तपासणी, प्रोसेसिंग फी यांवर खर्च झाला म्हणून वाईट व्यवहार पुढे रेटणं हाही त्यातलाच प्रकार. कुठल्या आकड्याला आणि कुठल्या तारखेला आपण उठून जाणार, हे डोकं थंड असताना लिहून ठेवा.

सहावी चूक: चोवीस तास घर, घर, घर

जेवताना घर, गाडीत घर, रात्री पावणेबाराला एजंटला मेसेज. आमच्याकडे एकदा ‘तू फोन केलास का?’ एवढ्या प्रश्नावरून नवरा-बायकोत दोन दिवस अबोला झाला होता. नंतर वाटणी केली. बँक त्याच्याकडे, वकील माझ्याकडे, आणि बोलायचं ते संध्याकाळी अर्धा तास, तो चार रकान्यांचा कागद समोर ठेवून. काळजी करायची वेळ ठरवून घ्या आणि इतर वेळी आलेला विचार त्या वेळेवर ढकला, ही पद्धत मानसशास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून सुचवत आले आहेत. ऐकायला पोरकट वाटतं. आमच्या घरी तिने जेवणं वाचवली. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडली असेल तर मात्र डॉक्टरांकडे जा, कागदावर रकाने आखत बसू नका.

अडकलंच आहे, आता काय?

बँकेचं मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आलं, तर बँक साधारणपणे कमी आकड्यावर कर्ज मोजते, आणि मधला फरक तुमच्या खिशातून जातो. आसपासच्या तशाच घरांच्या अलीकडच्या विक्रीचे पुरावे देऊन फेरमूल्यांकन मागा, नाहीतर तो अहवाल दाखवून विकणाऱ्याशी किमतीवर पुन्हा बोला. घाईत महागडं वैयक्तिक कर्ज काढून फरक भरणं शेवटचा उपाय समजा.

खरेदीदार गायब झाला? लेखी मुदत द्या आणि मधल्या काळात दुसरं गिऱ्हाईक तोडू नका. विसार रक्कम कोणत्या परिस्थितीत परत करायची हे घेतानाच लिहिलेलं असेल, तर या टप्प्यावर आवाज चढत नाहीत.

पूर्ण पैसे येण्याआधी ‘नुसतं सामान ठेवतो, किल्ली द्या’ असं कोणी म्हटलं, तर वकिलाने लिहून दिलेल्या कराराशिवाय देऊ नका. एकदा माणूस आत गेला की घाई फक्त तुम्हाला उरते.

शेवटच्या आठवड्यात ‘आमचं बँक खातं बदललंय, रक्कम या नव्या खात्यात भरा’ असा ईमेल आला, तर थांबा. वकिलाचा किंवा एजंटचा ईमेल हॅक करून नेमक्या याच घाईच्या वेळी केली जाणारी ही फसवणूक आहे. त्या ईमेलमधल्या नंबरवर नाही, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खातं पडताळा. उशीर झाला तर होऊ द्या.

दोन घरांच्या मध्ये लोंबकळायची वेळ आली, तर तात्पुरतं राहणं आणि सामान गोदामात ठेवणं याचा खर्च आधी काढून ठेवा, आणि तो जुनं घर विकलं जाईपर्यंत काढायच्या तात्पुरत्या कर्जाच्या व्याजाशी ताडून बघा. आम्हाला वाटलं होतं त्याच्या उलट उत्तर आलं.

आणि शेवटची रक्कम देण्याच्या आदल्या दिवशी घर पुन्हा एकदा बघून या. नळ सोडा, बटणं दाबा, मीटरचे आकडे फोटोत घ्या. घरात काय राहणार आणि काय जाणार याची यादी करारासोबत जोडलेली असावी. आम्ही पोचलो तेव्हा हॉलच्या छताला दोन वायरी लोंबत होत्या. दिवे आमच्या यादीत नव्हते.