न्हाणीजवळच्या जुन्या चुलाणात तांब्याचा बंब बसवताना

कोकणातल्या जुन्या घरांत मागच्या पडवीला, न्हाणीला लागून चुलाण असतं. जांभ्याचे चिरे, वर हंडा, आणि धूर कौलांच्या फटींतून वाट काढेल तसा. त्या जागी माळ्यावरचा बंब उतरवून बसवला तर सरपण कमी लागतं, कारण बंबात जाळ मधल्या नळीत असतो आणि चारही बाजूंनी पाणी असतं. काम दोन दिवसांचं आहे. त्यातलं बरंचसं धुराचं.

आधी गळती तपासा. बंब काठोकाठ भरून जुन्या वर्तमानपत्रांवर रात्रभर ठेवा. सकाळी तोटीखाली ओल दिसली तर तोटी किंवा वायसर बदलून भागतं. पाणी मधल्या नळीत झिरपत असेल तर तांबटाकडेच न्यायला हवं. तिथे एम-सील थापून वेळ मारून नेऊ नका, जाळापुढे ते टिकत नाही. सांधे जोडणारा कथील-शिशाचा डाक १८३ अंश सेल्सिअसपासून वितळू लागतो. बंबात पाणी असेल तोवर तांब्याचा पत्रा तितका तापत नाही. रिकामा बंब पेटवला की सांधे सुटतात. बंब विकत घेताना नळीच्या आत टॉर्च मारून बघा. बाहेरून लखलखणारा बंब आतून कुरतडलेला असू शकतो.

मग बैठक. चुलाणाचे पुढचे चिरे काढून सपाट ओटा करा. चाळीस लिटरचा बंब भरला की नुसतं पाणीच ४० किलो होतं, त्यामुळे डगमगणारा चिरा चालणार नाही. ओट्याची उंची पुस्तकातून नव्हे, आपल्या बादलीवरून ठरवा: तोटीखाली बादली सरळ जाऊन वर चार बोटं उरली पाहिजेत. पाण्यानं भरलेली पातळी नळी धरून समतल तपासा. नळीच्या तळाच्या जाळीखाली राख पडायला आणि वारा शिरायला जागा मोकळी हवी. तिथे राखेचा पत्रा सरकवता आला तर उत्तम.

आता धुराडं. बंबात काटक्या वरूनच टाकतात आणि धूरही तिथूनच येतो, हे विसरून बरेच जण थेट तोंडावर पाइप बसवतात. मग सरपण टाकायचं कुठून? त्यापेक्षा तोंडाच्या वर हातभर अंतर सोडून पत्र्याचा उलटा नरसाळ्यासारखा टोप टांगा, तोंडापेक्षा चारही बाजूंनी वीतभर रुंद. टोपावरचा पाइप बंबाच्या तोंडापेक्षा बारीक नको. टोप धुराबरोबर आजूबाजूची हवाही ओढतो, म्हणून पाइप थोडा मोठाच घ्या. शक्यतो सरळ वर न्या. वळण द्यावंच लागलं तर तिरकं, काटकोनी नको. वरचा तुकडा खालच्याच्या आत बसवा, म्हणजे आतला काळा ओघळ बाहेर न येता खाली उतरतो. खाऱ्या हवेत जस्ती पत्रा लवकर गंजतो. परवडत असेल तर स्टेनलेस स्टील. सिमेंटचे जुने पाइप फुकट मिळाले तरी घेऊ नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

कौलांतून पाइप काढताना खरी जोखीम वासे आणि रिपांची. एकेरी पाइपपासून लाकूड किमान दीड फूट लांब हवं. तेवढी कौलं काढून, रिपा कापून, तिथे पत्र्याची कॉलर बसवा: वरची कड वरच्या कौलाखाली, खालची कड खालच्या कौलावर. उलट झालं तर पहिल्याच पावसात पडवीत धार लागेल. पाइप छपरातून निघतो तिथून तीन फूट, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याही वर दोन फूट जाऊ द्या. टोकाला टोपी, आणि नैऋत्येच्या वाऱ्यासाठी तारांचे ताण. डोक्यावर माड असेल तर पाइपची जागा बदला. पडणारं चुडत (माडाची झावळी) तारांना जुमानत नाही.

बंब पडवीत ठेवा, पाणी बादलीनं न्हाणीत न्या. बंद न्हाणीत बंब पेटवू नका: कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि नुसत्या निखाऱ्यांतूनही तो निघत राहतो. पाणी भरायच्या तोंडाचं झाकण सैलच असू द्या. गरम पाणी नळानं खेळवायच्या हौसेनं बंब टाकीला जोडून वर कॉक बसवला, तर वाफेला वाट उरत नाही आणि बंब फुटू शकतो.

पहिल्या दिवशी आधी पाणी भरा, मग थोड्या काटक्यांनी पेटवा. धूर टोपात न जाता बाजूंनी येत असेल तर टोप चार बोटं खाली घ्या. करवंट्या झकास जळतात, वाळलेली सोडणंही (नारळाची सालं). काजूची टरफलं मात्र घालू नका. त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. ओलं सरपण धुराड्यात काजळी धरतं, म्हणून आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, सोडणं माळ्यावर चढवा आणि त्याच वेळी पाइप उतरवून झाडून घ्या. पावसाळ्यात बंब वापरणार नसाल तर पाणी काढून, तोटी उघडी ठेवून, राख उपसून ठेवा. ओली राख तळाची जाळी खाते.